आम्ही नॉर्मलच आहोत मॅडम!

शाळेत दरवर्षी पारंपरिक वेशभूषा दिवस असतो, तुमच्याही मुलांच्या शाळेत असेलच. फेटे भाड्याने आणलेले, नऊवारी शिवलेली (पाच मिनिटांत चढते ती), चारपाच मावळे, एक कोळीण, एक काश्मिरी मुलगी आणि एक हमखास सरदारजी. फोटो काढायचे, ग्रुपवर टाकायचे, संपलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या नववीतली एक मुलगी बंजारा ड्रेस घालून आली होती, आरशांचा घागरा, हातभर बांगड्या, पहिलं बक्षीस पण तिलाच मिळालं. ती बंजारा नव्हती. आणि तिच्या मागच्याच बाकावर बसणारा एक मुलगा, ज्याची आजी तांड्यावर अजूनही तोच पोशाख घालते, तो त्या दिवशी पांढरा कुर्ता घालून गप्प बसून होता. मला तेव्हा काही पत्ताच नव्हता. सहा महिन्यांनी कळलं, कसं ते पुढे सांगते.

मी पिंपरी-चिंचवडच्या एका शाळेत नववीला इतिहास-भूगोल शिकवते. वर्गात पन्नासच्या वर पोरं, कुणाचं गाव बीडकडे, कुणाचं लातूर, जळगाव, कुणी कोकणातलं, पाचसहा बिहार-यूपीची, दोन कर्नाटकची आणि काही इथलीच, ज्यांच्या आजोबांच्या शेतावर आता सोसायट्या उभ्या आहेत. सगळे एकच युनिफॉर्म घालतात आणि एकमेकांना भावा म्हणतात, त्यामुळे वरून बघितलं तर सगळं सेमच वाटतं.

तर विषय असा की चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना "आपण कुठले, आपली माणसं कोण, आणि त्याचं मला काय वाटतं" हा प्रश्न पडतो तेव्हा शाळेने काही करावं का, आणि करायचं तर काय. यावर अमेरिकेत एक चांगला आठ आठवड्यांचा प्रोग्रॅम तयार झालाय, आयडेंटिटी प्रोजेक्ट नावाचा, नंतर तो जर्मनी, इटलीतही नेला गेला. मी त्याबद्दल वाचलं, त्यातलं थोडंफार वर्गात करून बघितलं, आपटले पण. ते सगळं आज सोप्या शब्दांत सांगायचंय.

आधी ही "आयडेंटिटी" भानगड आली कुठून ते बघू, कारण शब्द आपण रोज वापरतो पण त्यामागचा माणूस फार इंटरेस्टिंग आहे. एरिक एरिक्सन, मानसशास्त्रज्ञ. जन्म १९०२, जर्मनीत फ्रँकफर्टला. आई डेन्मार्कची, ज्यू. खरा बाप कोण ते त्याला आयुष्यभर कळलं नाही. आईने पुढे मुलांच्या एका ज्यू डॉक्टरशी लग्न केलं आणि बरीच वर्षं पोराला हाच तुझा बाप असं सांगितलं. आता पोरगं निघालं उंच, गोरंपान, निळ्या डोळ्यांचं. ज्यू प्रार्थनाघरात गेलं की तिथली मुलं चिडवायची की हा आपल्यातला नाही, आणि शाळेत जर्मन मुलं चिडवायची की हा ज्यू आहे. म्हणजे दोन्हीकडून बाहेरचा! पुढे तो अमेरिकेत गेला, १९३९ मध्ये नागरिकत्व घेताना सावत्र बापाचं आडनाव बाजूला सारून एरिक्सन हे आडनाव घेतलं, एरिकचा मुलगा एरिक्सन, म्हणजे स्वतःच स्वतःचा बाप झाला असं लोक गमतीने म्हणतात. "आयडेंटिटी क्रायसिस" हा शब्द जगभर झाला तो याच माणसामुळे. (आणि जाता जाता, १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी संपावर आणि गांधीजींवर त्याने एक जाडजूड पुस्तक लिहिलंय, १९६९ मध्ये आलं, पुलित्झर मिळालं त्याला.)

एरिक्सनचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रत्येक वयाचं एक काम असतं आणि बारा-तेरापासून अठरा-एकोणीसपर्यंतचं काम म्हणजे "मी कोण" हे जुळवणं. त्याआधी पोराला काही प्रॉब्लेम नसतो, आई सांगते आपण अमुक, पोरगं म्हणतं बरं. पण आठवी-नववीत मेंदू पण बदलतो आणि जग पण बदलतं, लोक आपल्याकडे कसं बघतात ते कळायला लागतं, आणि मग आईचं उत्तर पुरत नाही.

पुढे जेम्स मार्सिया नावाच्या माणसाने १९६६ मध्ये कॉलेजच्या मुलांच्या मुलाखती घेऊन हे जरा मोजता येईल असं केलं. त्याने फक्त दोन गोष्टी विचारात घेतल्या, एक म्हणजे पोराने शोधाशोध केली का, आणि दुसरं म्हणजे कुठेतरी येऊन ठरलं का. त्यातून चार प्रकार पडतात. शोधलंही नाही आणि ठरलंही नाही, म्हणजे प्रश्नच पडलेला नाही, तो डिफ्यूजन. शोधलं नाही पण ठरलंय, म्हणजे पप्पा डॉक्टर म्हणून मी डॉक्टर, तो फोरक्लोजर. हा शब्द आपल्याकडे लोनवाल्यांना चांगला माहितीये, मुदतीआधीच खातं बंद करणे. तसंच आहे हे, प्रश्न नीट उघडायच्या आधीच खातं बंद. तिसरा शोध चालू आहे पण अजून काही ठरलं नाही, तो मोरेटोरियम, घरात या वयाचं पोर असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. आणि चौथा, शोधून मग ठरवलेला, अचीव्हमेंट.

मार्सियाचं सगळं करिअर, राजकारण, धर्म याबद्दल होतं. लॉस एंजेलिसच्या जीन फिनी या बाईंनी ऐंशी-नव्वदच्या दशकात तेच गणित संस्कृती आणि समाजाच्या ओळखीला लावलं. मेक्सिकन, आफ्रिकन अमेरिकन, आशियाई घरातली पोरं स्वतःच्या समाजाबद्दल काय विचार करतात, किती खोदतात, हे मोजायची एक प्रश्नावली त्यांनी १९९२ मध्ये आणली.

आणि मग आली आड्रियाना उमान्या-टेलर, ही पण अमेरिकेतलीच संशोधक. मला या सगळ्यात हिचं काम सगळ्यात जास्त पटलं, कारण तिने एक गुंता सोडवला. आपण म्हणतो "पोराला आपल्या संस्कृतीचा अभिमान पाहिजे". ती म्हणते थांबा, अभिमान ही एक गोष्ट, शोधलंय का ही दुसरी, आणि आपलं काय ते कळलंय का ही तिसरी. २००४ मध्ये तिने आणि सहकाऱ्यांनी जी मोजपट्टी केली त्यात हे तीन भाग वेगवेगळे आहेत. आता विचार करा, आपल्या शाळा यातलं काय करतात? अभिमान. फक्त अभिमान. भाषणं, घोषणा, मिरवणूक, वेशभूषा, सगळं तिसऱ्या मजल्यावरचं काम आणि खाली पायाच नाही. मी काही अभिमानाच्या विरोधात नाहीये, पण न शोधता मिळालेला अभिमान म्हणजे तोच फोरक्लोजर, कुणी जरा प्रश्न विचारला की पोरगं एकतर चिडतं नाहीतर गप्प होतं.

तर उमान्या-टेलर आणि सारा डग्लस या दोघींनी मिळून हा आयडेंटिटी प्रोजेक्ट बांधला. उमान्या-टेलर बाई तेव्हा ॲरिझोनात होत्या, आणि ॲरिझोना हे राज्य या विषयात साधं नाहीये. तिथे मेक्सिकन मुळाची पोरं भरपूर, टूसॉन शहराच्या सरकारी शाळांमध्ये मेक्सिकन-अमेरिकन इतिहास-साहित्याचे खास वर्ग चालायचे. २०१० मध्ये राज्याने कायदा करून एका समाजासाठी असे कोर्स चालवायला बंदी घातली, २०१२ मध्ये टूसॉनचे वर्ग बंद पडले, पुस्तकं वर्गातून उचलली. कोर्टकचेरी झाली आणि २०१७ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी सांगितलं की ही बंदी वंशद्वेषातून आलेली आहे, घटनेत बसत नाही. म्हणजे शाळेत ओळखीबद्दल बोलणं हा किती पेटणारा विषय आहे बघा, आपल्यालाच वाटतं आपल्याकडेच भांडणं होतात.

पण आयडेंटिटी प्रोजेक्टची वेगळी गोष्ट ही की तो कुठल्या एका समाजाचा कोर्स नाहीच. सगळ्या पोरांनी एकत्र बसायचं, गोऱ्यांनी पण. बाई किंवा सर कुणाचा इतिहास शिकवत नाहीत. आठवड्याला एक, अशी आठ सेशन्स असतात. ओळख म्हणजे काय इथून सुरुवात, मग एकाच समाजातली माणसं आपसात किती वेगळी असतात आणि दोन समाजांत काय सारखं असतं, मग लोक आपल्यावर जे शिक्के मारतात आणि भेदभाव करतात ते, मग घराण्याचं झाड, घरातल्या मोठ्यांची मुलाखत, घरातल्या खुणा-रीतीभातींचे फोटो, आणि शेवटी स्वतःच्या ओळखीचा आत्तापर्यंतचा प्रवास चित्रांच्या पट्टीसारखा मांडायचा. सगळा माल पोरंच आणतात, मास्तर फक्त विचारतो. हे वाचायला सोपं आहे हो, करायला गेलं की कळतं, कारण मास्तर लोकांना गप्प बसायची सवय नसते. मला तर नाहीच.

उपयोग होतो का? यांनी ॲरिझोनातल्या एका मिश्र वस्तीच्या हायस्कूलमध्ये नववीच्या २१८ पोरांवर ट्रायल घेतली. रँडम पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, काहींना हा प्रोग्रॅम आणि बाकीच्यांना तेवढेच आठ आठवडे शाळेनंतरचं शिक्षण-करिअर यावर सेशन्स. हे महत्त्वाचं आहे, नाहीतर कुणीही म्हणेल की कॉलेजची माणसं येऊन प्रेमाने बोलली म्हणूनच पोरं खूष झाली. रिझल्ट २०१८ मध्ये छापून आला. प्रोग्रॅमवाल्या पोरांमध्ये आधी शोधाशोध वाढली, आणि शोधाशोध वाढली म्हणून पुढे "मला माझं काय ते कळलंय" हे वाढलं. वर्षभराने बघितलं तर याच साखळीतून एकूण स्वतःबद्दलची स्पष्टता, स्वतःबद्दलचं मत आणि मार्क सुधारलेले, उदासपणाच्या तक्रारी कमी. थेट उडी नाहीये, एक सोंगटी पडली की दुसरी, असं. आणि ही एकाच शाळेतली स्टडी आहे, म्हणून लगेच नाचायचं कारण नाही.

सॅन फ्रान्सिस्कोची एक वेगळी स्टडी आहे तिची पद्धत मला फार आवडली, म्हणून सांगते. तिथे काही हायस्कूलमध्ये नववीला एथ्निक स्टडीज (वेगवेगळ्या समाजांचा इतिहास-संस्कृती) नावाचा विषय होता आणि आठवीत ज्यांचा ग्रेड पॉइंट, म्हणजे चारपैकी मार्कांची सरासरी, २.० च्या खाली त्यांना तो आपोआप दिला जायचा. आता १.९ वाला आणि २.१ वाला, या दोन पोरांत असा काय फरक असतो? आपल्याकडे ३४ आणि ३६ वाल्यात असतो तेवढाच. पण एकाला विषय मिळाला, दुसऱ्याला बहुतेक करून नाही. मग रेषेच्या अलीकडची-पलीकडची पोरं ताडून बघितली. विषय मिळालेल्यांची हजेरी २१ टक्के पॉइंटने जास्त आणि ग्रेड पॉइंट साधारण १.४ ने जास्त! २०१७ ला छापलं हे. अभ्यासकांनी स्वतःच सावध केलंय की हा सुरुवातीचा प्रयोग होता, मन लावून शिकवणारे मास्तर होते, उद्या सगळीकडे जीआर काढून केलं तर असंच होईल असं नाही. जीआर हा शब्द माझा, पण तुम्हाला कळलं.

युरोपात नेताना गंमत झाली. अमेरिकेत "रेस" (वंश) हा शब्द फॉर्मवर सुद्धा असतो, जर्मनीत मात्र नाझींच्या काळामुळे तो शब्द माणसांसाठी उच्चारणंच नको वाटतं. म्हणून तिथल्या टीमने शब्द बदलून सांस्कृतिक ओळख असं केलं आणि उदाहरणं तिथल्या पोरांची घेतली. इटलीतही खूप वर्गांवर ट्रायल झाली, तिथे शोधाशोध वाढली पण "सापडलं" हे काही वाढलेलं दिसलं नाही. मला हा निकाल वाचून उलट बरं वाटलं. आठ तासांत सापडायला ती काय हरवलेली चावी आहे!

आता आपल्याकडे. इथे पहिला प्रॉब्लेम शब्दाचाच. "वांशिक ओळख" म्हटलं की पोरं गुगल करतात, "सांस्कृतिक" म्हटलं की नाच बसवायला घेतात. मी शेवटी फळ्यावर लिहिलं "आपण कुठले?" आणि हाच प्रश्न आपल्याकडे किती अवघड आहे ते तेव्हा लक्षात आलं. कारण आपल्याकडे हा प्रश्न पोराच्या आधी दुसरेच विचारतात. गाव कुठलं तुमचं? बरं, आडनाव? अच्छा, म्हणजे तुम्ही... आणि ते वाक्य तिथेच सोडून देतात. अमेरिकेत कातडीच्या रंगावरून जे होतं ते इथे दोन सभ्य प्रश्नांत होतं. पोरांना हे सगळं माहीत असतं. आपल्यालाच वाटतं की नववीच्या पोरांना जात कळत नाही, अहो शिष्यवृत्तीचे फॉर्म वर्गात नावं घेऊन वाटले जातात, न कळायला काय झालं!

तर मी काय माती खाल्ली ते सांगते. पहिल्या वर्षी मला वाटलं आडनावापासून सुरुवात करू, मजेशीर विषय आहे, आडनावं गावांवरून येतात, धंद्यांवरून येतात, काही तर भाज्या-प्राण्यांवरून. एकेकाने उभं राहून आपल्या आडनावाचा अर्थ सांगायचा. पाचसहा जणांनी सांगितलं, हशा चालला होता, आणि एक मुलगा उभा राहिला आणि काही बोललाच नाही. मी बावळटासारखं "सांग ना, लाजू नकोस" असं दोनदा म्हटलं. तो खाली बसला. मग दुसऱ्या दिवशी वहीत एक ओळ लिहून दिली त्याने, की आमचं आडनाव पुण्यात आल्यावर पप्पांनी बदललं आहे, जुनं मला सांगायचं नाही. मी ती ओळ वाचून स्टाफरूममध्ये बराच वेळ बसून राहिले. ज्या गोष्टीपासून त्या घराने इतकी धडपड करून सुटका करून घेतली, ती मी भर वर्गात, हसत हसत, त्याच्याकडून काढायला बघत होते.

तेव्हापासून आडनाव बंद. आणि एक नियम, सांगणं हे प्रत्येकाच्या मर्जीवर, वहीत लिहिलेलं बाईसुद्धा विचारल्याशिवाय वाचणार नाहीत. सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तो मी आता वर्गात याच संदर्भात सांगते, की पत्त्यात लिहिलेलं एक नाव माणसाला किती जड होऊ शकतं. तिथून चर्चा आपोआप पुढे जाते आणि कुणा एकावर येत नाही.

झाडाचं सेशन मात्र ठेवलं. तीन पिढ्या, जेवढं माहीत तेवढं, घर म्हणजे कोण ते ज्याने त्याने ठरवायचं. एकीने बापाची बाजू काढलीच नाही, तिच्या झाडावर आई, आजी आणि शेजारच्या काकू होत्या, मी काही विचारलं नाही. पण सगळ्या झाडांत एक गोष्ट सारखी निघाली, बापाकडची फांदी पणजोबांपर्यंत भरलेली आणि आईकडची दोन नावांत संपलेली. आजीचं माहेरचं नाव एकालाही येत नव्हतं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांच्या कागदपत्रांवर आता आईचं नाव वडिलांच्या आधी येतं, हे मी सांगत होते तेवढ्यात एक कार्टी म्हणाली, मॅडम तुमच्या आजीचं सांगा. नव्हतं येत मला! घरी येऊन मावशीला फोन लावला, मावशी म्हणाली आता कशाला उकरतेस, आणि मग पाऊण तास बोलत होती.

मुलाखतीचं सेशन सगळ्यात भारी झालं. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला तीनच प्रश्न विचारायचे, तुम्ही कुठून आलात, का आलात, येताना काय मागे राहिलं. एका मुलीच्या आजीने बहात्तरचा दुष्काळ सांगितला. आम्ही पुस्तकात शिकवतो तो एका ओळीत संपतो. आजीने सांगितलं की रेशनवर लाल ज्वारी यायची, अमेरिकेची, तिला मिलो म्हणायचे, तिची भाकरी थापायला गेलं की तुटायची. आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, वय या मुलीएवढंच. मुलगी हे वाचून दाखवताना मधेच थांबली आणि म्हणाली, मॅडम मला वाटायचं आजी उगाच ताटात अन्न टाकलं की ओरडते. एका कोकणातल्या मुलाचे आजोबा गिरणीत होते, जानेवारी १९८२ च्या संपानंतर काही दिवस गावी जाऊन येऊ म्हणून गेले ते गिरणीत परत गेलेच नाहीत, पुढे त्यांचा मुलगा चाकणच्या कंपनीत लागला म्हणून हे घर इकडे आलं. बिहारच्या मुलाने व्हिडिओ कॉलवर आजोबांची मुलाखत घेतली आणि आमच्यासाठी मराठीत करून आणली, आणि त्याचं मराठी माझ्या भाच्यापेक्षा चांगलं आहे हे मी इथे लिहून ठेवते.

शिक्क्यांचं सेशन जपून करावं लागतं. नियम असा की स्वतःला काय वाटतं ते लिहायचं नाही, आपल्या गावाबद्दल, भाषेबद्दल लोकांकडून काय ऐकलंय ते लिहायचं, चिठ्ठीवर नाव नाही. घाटी, भय्या, कोकणी म्हणजे चिकट, मराठवाड्याचे म्हणजे अडाणी, इथले लोकल म्हणजे जमीन विकून बुलेट घेणारे, सगळं निघालं. डब्यातून चिठ्ठ्या काढून वाचताना पोरं आधी हसली आणि हळूहळू हसू कमी होत गेलं, कारण प्रत्येकाची एक चिठ्ठी येतच होती. बीडच्या पाच मुलांनी तर आपसातच वाद घातला, दोघांचे आईवडील ऊसतोडीला जाणारे, एकाचे वडील शिक्षक, एकाचा ट्रान्सपोर्टचा धंदा, आणि पाचव्याला बीड फक्त यात्रेपुरतं माहीत. "बीडचे" म्हणजे नक्की कुठले, यावर बेल झाली तरी थांबेनात.

आणि मग फोटोंचं सेशन, ज्यासाठी हा सगळा लेख खरं तर मी लिहायला घेतला. घरातली एक गोष्ट, जी बघितल्यावर वाटतं की हे आमचं आहे, तिचा फोटो आणायचा. देव्हारा, पाटा-वरवंटा, धनगर घरातली घोंगडी, ऊसतोडीचा कोयता, मुलाने धार लावून चकचकीत करून फोटो काढलेला. त्या मागच्या बाकावरच्या मुलाने मोबाईलवर आजीचा फोटो दाखवला. घागरा, आरसे, हस्तिदंती रंगाच्या बांगड्या दंडापर्यंत. म्हणाला आम्ही घरी गोरमाटी बोलतो, आईला याडी म्हणतो, शाळेत फक्त मम्मी म्हणतो. दोन सेकंद शांतता आणि मग ती बक्षीसवाली मुलगी मागे वळून ओरडली, अरे मग तेव्हा सांगायचं ना, भाड्याचे पैसे वाचले असते माझे! सगळा वर्ग हसला. तो नाही हसला. थोड्या वेळाने म्हणाला, आजी तो कुणाला देत नाही.

आणखी एक मुलगी होती जिने काहीच आणलं नव्हतं. चांगली हुशार, पुण्यातच वाढलेली. म्हणाली, आमच्या घरात असं स्पेशल काही नाहीये, वरणभात खातो, गणपती बसवतो, आम्ही नॉर्मलच आहोत मॅडम. कुजकेपणाने नाही, खरंच तसं वाटत होतं तिला. तिथे बिहारवाला म्हणाला, मॅडम आमच्यात लिट्टी नॉर्मल आहे. कानडी मुलगी म्हणाली आमच्यात रागीमुद्दे. आणि मला एकदम लक्षात आलं की अमेरिकेत हा प्रोग्रॅम गोऱ्या मुलांना पण का करायला लावतात. ज्याची भाषा पुस्तकाची भाषा असते, ज्याचे सण शाळेचे सण असतात, त्याला स्वतःची संस्कृती दिसतच नाही, त्याला वाटतं संस्कृती ही बाकीच्यांना असते, आपण नुसते नॉर्मल. मग ज्याच्याकडे "संस्कृती" आहे त्याने ती लपवायची किंवा स्टेजवर दाखवायची, एवढे दोनच रस्ते राहतात. त्यामुळे तुम्ही शाळेत काही करणार असाल तर "त्या" मुलांसाठी वेगळा वर्ग काढू नका प्लीज, नॉर्मलवाल्यांना आधी बसवा.

परदेशातल्या मराठी आईबाबांना हे जास्त पटेल कदाचित. तिकडे महाराष्ट्र मंडळांच्या रविवारच्या मराठी शाळा आहेत, माझी एक मैत्रीण तिथे शिकवते, ती म्हणते लहान पोरं आनंदाने येतात आणि आठवी-नववीत गळतात. मी तिला म्हटलं तुम्ही त्यांना बाराखडी, श्लोक, शिवाजी महाराज सगळं देता, पण "तुला हे कशाला हवंय, हवंय का" हे कधी विचारता का? ती म्हणाली विचारलं आणि नको म्हणाले तर? हीच भीती आहे सगळ्यांना. इथल्या पालकांना पण. २०२० मध्ये कायदा करून राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, ठीक आहे, भाषा येण्यासाठी ते लागत असेल, पण सक्तीने पोराला भाषा येईल, ती आपली वाटेल की नाही, तो मात्र दुसऱ्या खिडकीवरचा अर्ज आहे.

पालकांचे फोन आलेच. एक म्हणाले आमच्या घरचं चव्हाट्यावर का आणता, एक म्हणाल्या यातून मार्क किती मिळणार. पहिल्यांचं बरोबर होतं, दुसऱ्यांना मी इतिहासाच्या प्रकल्पाचे मार्क देऊन टाकले.

यंदा ऑगस्टनंतर परत घेणार आहे. आठ तास सलग मिळत नाहीत, ऑफ तास आणि शनिवार धरून सहा जमतील. क्रम बदलतेय, फोटो आधी आणि झाड नंतर, कारण फोटोत काय दाखवायचं ते पोराच्या हातात असतं आणि झाडात रिकाम्या जागा लपत नाहीत. पालकांना आधीच चिठ्ठी जाईल, दोन ओळींची, की काहीही सांगण्याची सक्ती नाही. चार्टपेपर आणायचेत. आणि मुख्याध्यापकांना विचारलंय की या वर्षी वेशभूषा दिवसाला बक्षीस नको देऊया का, ते बघतो म्हणालेत.